बुवा थांबायचे ती जागा

किन्हवलीच्या बाजारातून आत वळलं की भातगिरणी लागते. ती चालवतात कुंडलिक विशे, पण त्यांना गिरणीवाला कुणी म्हणत नाही. शहापूरपासून धसईपर्यंत ते बुवा. गिरणी धडधडत असली तरी बुवांचं गाणं बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं. भात भरडायला आलेली माणसं काम झालं तरी पोत्यावर बसून राहायची. एकदा म्हणे गाण्याच्या नादात एकाचा तांदूळ दुसऱ्याच्या पोत्यात गेला आणि दोघांनाही भांडायचं सुचलं नाही. लोक काय, तिखटमीठ लावून सांगतात. पण आवाज होता, हे मात्र खरं.

गेल्या होळीच्या सुमारास त्यांच्या घशात गाठ निघाली. कल्याणच्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, गाठ काढली तर जीव राहील, थोडंफार बोलणंही राहील, गाण्याची मात्र आशा धरू नका. बुवा खाली मान घालून बसले. बाजूला त्यांची बायको सकुबाई होती. ती म्हणाली, "काढा." नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. तिला कुंकू हवं होतं, कोरडं कौतुक नको होतं, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल?

बुवा घरी आले ते सुपात तांदूळ पाखडावा तसा आवाज घेऊन. बोलले तर समोरच्याला कान जवळ न्यावा लागे. घसा सारखा सुकायचा, म्हणून सकुबाई पाण्याची बाटली घेऊन मागेमागे. "घोट घोट प्या, डॉक्टर काय बोलला?" हे दिवसातून कितीदा तरी. माणूस बरा झाला, गिरणीत जाऊ लागला. गिरणी आता नुसतीच धडधडत होती.

बुवांनी गावातल्या बायांचं भजनी मंडळ उभं केलं होतं. भजनाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बुवांनी ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. बुवा थांबले की थांबायचं, वर गेले की वर जायचं. पाठांतर नको, विचार नको, बुवांच्या तोंडाकडे बघितलं की झालं. वर्षानुवर्षं असं चाललं आणि बाया पंचक्रोशीत गाजल्या.

मग दसऱ्याच्या आधी धसईहून महिपत आला. महिपत म्हणजे राघोबुवांचा मुलगा, आणि राघोबुवा म्हणजे कुंडलिक बुवांचे गुरू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मार्गशीर्षात त्यांच्या दिवसाला धसईच्या देवळात भजन होतं आणि त्यात राघोबुवांनी स्वतः बांधलेला एक अभंग किन्हवलीचं मंडळ गातं, हा नेम. महिपत पिकअप चालवतो, गाण्याशी त्याचा संबंध ऐकण्यापुरता. पोत्यावर बसून तो म्हणाला, "दादा, यंदा तुमी नुसते येऊन बसा. गायला मुरबाडचं मंडळ सांगतो. त्यांचं त्यांचं कायबाय गातील."

"आणि बाबांचा अभंग?" बुवांनी विचारलं.

"तो आता कोणाला येतो, दादा?" महिपत वाईट बुद्धीने बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

कारण ते खरंच होतं. ती चाल जगात दोनच ठिकाणी होती, एक बुवांच्या घशात आणि दुसरी या बायांच्या तोंडात. घसा गेला. आणि बायांच्या तोंडात ती होती तरी बुवांनी ओढल्याशिवाय बाहेर यायची नाही. म्हणजे गाठीबरोबर राघोबुवांची चालही डॉक्टरांनी काढून टाकली होती की काय! बुवा म्हणाले, "आमचंच मंडळ येल."

"गाईल कोण?"

"बाया."

महिपत चहा पिऊन गेला. आता तोंडातून शब्द तर गेला होता. त्याच संध्याकाळी बुवांनी बायांना बोलावलं, पेटीवर सा धरला आणि हाताने खूण केली, म्हणा. बाया बुवांच्या तोंडाकडे बघत बसल्या. तोंड हलेना, तर बायाही हलेनात. मंडळातच गाणाऱ्या सकुबाईने एकदा 'आ' केला आणि मिटून घेतला. पेटीवर चाल वाजवून दिली तर त्या एक स्वर मागून, चाचपडत, आंधळ्या कोशिंबिरीसारख्या येत. शेवटी गावातली सगळ्यात म्हातारी गायिका, बुवांची चुलती धोंडूबाई म्हणाली, "कुंडलिका, तुझ्याबिगर नाय रे जमत. उगा जिवाला त्रास."

बुवा रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांना स्वरलिपी आठवली.

आता इथे एक गंमत सांगायला हवी. राघोबुवांनी कुंडलिकला तरुणपणी स्वर कागदावर लिहायला आणि कागदावरून गायला शिकवलं होतं. पण कुंडलिक बुवांना त्याचं कौतुक कधीच नव्हतं. 'कागद बघून भजन म्हणजे पुस्तक वाचून पोहणं' असं तेच चारचौघांत हसून सांगत. आपलेच शब्द आता गिळायचे होते, आणि तेही असल्या घशातून.

किन्हवलीला शुक्रवारी दुपारी लाइट जाते. लाइट नाही तर गिरणी बंद. गिरणीच्या पत्र्याच्या दारावर बुवांनी खडूने उभ्या रेघा मारून घरं केली. एका घरात एक मात्रा, मात्रेत स्वर, खाली शब्द. वर टिंब म्हणजे वरचा स्वर, खाली टिंब म्हणजे खालचा, आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवायचा. एवढंच सांगितलं.

धोंडूबाईने पदर सावरला. "गोवऱ्या मसणात गेल्या नि आता मी शाळंत बसू? मला सही करता येत नाय रे."

"नातवंडं किती तुला?"

"नऊ."

"नावं येतात सगळ्यांची?"

"येतात नाय तर काय!"

"मग ही तर सातच हायत."

धोंडूबाई हसली आणि बसली. सा, रे, ग असं करत ती अक्षरं शिकली, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांपेक्षा लवकर. तिला दुसरी अक्षरं येत नव्हती, त्यामुळे गोंधळायला जागाच नव्हती.

पहिले दोन-तीन शुक्रवार झकास गेले. आधी नुसते शब्द मात्रांत म्हणायचे, टाळी देऊन. मग स्वर. मग दोन्ही. बाया धडाधड म्हणू लागल्या. बुवा खूष. मंडळातली सगळ्यात लहान समीक्षा शहापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला होती, शुक्रवारी तेवढी हाफ-डे घेऊन यायची. ती म्हणाली, "बुवा, इझी हाय हे. उगाच टेन्शन घेत होतो."

बुवांच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी दारावरची ओळ पुसून तिथे अगदी वेगळी ओळ लिहिली. शब्द तेच, स्वर दुसरे. बायांना काहीच सांगितलं नाही. खूण केली. बाया दाराकडे टक लावून, बोटं नाचवत, मागच्या शुक्रवारची ओळ जशीच्या तशी गायल्या. एकीचीही मान हलली नाही. आणि गाऊन झाल्यावर सगळ्यांनी बुवांकडे शाबासकीसाठी बघितलं.

बुवा पोत्यावर बसले आणि आवाज नसलेलं हसू इतकं हसले की सकुबाईला वाटलं ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, "दारावर काय लिवलंय ते वाच गो समीक्षा."

समीक्षाने वाचलं आणि जीभ चावली. या बायांना एकदा ऐकलं की पाठ. दुसऱ्या वेळेला डोळे झोपायचे आणि कानच गायचे. जो गुण घेऊन त्या इतकी वर्षं गाजल्या, तोच आता आडवा आला होता. समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बुवांनी दुसरा उपाय काढला. कोणतीही ओळ दोनदा म्हणायची नाही. म्हटली की पुसायची. रोज गिरणीच्या दारावर एक नवी ओळ, जाता-येता जिला दिसेल तिने ती उभ्या-उभ्या म्हणायची आणि पुढे जायचं. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यात उभ्या राहून 'सा ग रे प' म्हणणाऱ्या बाया बघून सापगावहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "बुवा, नवस केलाय काय कोणी?"

आणखी एक खोड होती. चुकलं की थांबायच्या. एक थांबली की सगळ्या थांबायच्या, मग 'तू चुकलीस, मी नाय' सुरू. इथे बुवांना शेत आठवलं. "आवणीला रोप लावताना एखादं आडवं पडलं तर काय करतेस?" त्यांनी धोंडूबाईला विचारलं.

"काय करायचं? पुढचं लावायचं. एका रोपासाठी मागं गेलं तर सगळी वळ मोडंल, रांगच ऱ्हाणार नाय."

"मग इथं कशाला मागं जातेस?"

हे मात्र लगेच पोचलं. मग बुवांनी प्रत्येकीला ओळी कागदावर लिहून दिल्या आणि सोबत लग्नपत्रिकांचे जाड तुकडे कापून दिले. कागदावरचं जे घर गात असशील ते पत्रिकेने झाकायचं, म्हणजे डोळ्यांना पुढच्या घरात जावंच लागतं. बाया पत्रिका सरकवत गाऊ लागल्या. चुकत होत्या, भरपूर चुकत होत्या, पण वळ मोडत नव्हती. आणि एका शुक्रवारी बुवांच्या लक्षात आलं की त्यांच्या तोंडाकडे आता कुणी बघत नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी जाताना ते सकुबाईला मागे टाकून एकटेच पुढे चालत गेले.

सकुबाईचं म्हणाल तर ती कागद धरायची, बघायची नाही. तिचा आवाज मंडळात सगळ्यात मोठा आणि ती जाईल तिकडे चार जणी जायच्या. बुवा चिडले तर म्हणायची, "तुमी माझ्या कानात हाव. मला कागद कशाला?"

भातं झोडून झाली आणि बुवांनी राघोबुवांचा अभंग काढला. अजून लिहून दिला नव्हता. आधी तोंडपाठ कसा येतो ते बघू म्हणाले, आणि पेटीवर नुसता सा धरला. बाया आता न घाबरता सुरू झाल्या. 'देव पाहुणा दारात, पाणी द्या गो कुणी.' सुरेख गायल्या. फक्त 'पाणी' म्हणून सगळ्या थांबल्या, एक श्वास घेतला, आणि मग 'द्या गो कुणी' म्हणाल्या. सगळ्या, एकदम, एका मापाने. तिन्ही कडव्यांत.

बुवांनी हात वर केला. "इथं का थांबलात?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं.

"राघोबुवांची चाल एका दमात हाय. 'पाणी'वरून चढून 'द्या' थेट वरच्या सा वर. मधी तोडायचं नाय. दारातल्या पाहुण्याला पाणी मागताना कोण मधी थांबतं काय रे, असं विचारायचे ते. थांबा कोणी शिकवला तुमाला?"

"तुमी," सकुबाई म्हणाली.

"मी?"

समीक्षाने मोबाईल काढला. गेल्या वर्षीचं धसईचं भजन तिच्याकडे होतं. लावावं की नाही म्हणून ती क्षणभर घुटमळली आणि मग लावलं. पत्र्याच्या दारासमोर कुंडलिक बुवांचा आवाज घुमला. ऑपरेशननंतर बुवांनी तो पहिल्यांदाच ऐकला. धोंडूबाईने डोळ्यांना पदर लावला. आवाज चढत चढत 'पाणी'वर आला, थांबला, एक ओढलेला श्वास स्पष्ट ऐकू आला, मग 'द्या'. खरंच बुवाच थांबले होते.

बुवांनी हाताने खूण करून बंद करायला लावलं आणि उठून गिरणीत गेले.

बाया पांगल्यावर सकुबाई आत आली. अंधारात ते पोत्यावर बसले होते. ती बाटली पुढे करत म्हणाली, "राहू दे ना. राघोबुवांची चाल त्यांची. तो थांबा तुमचा हाय. तुमची तेवढीच खूण आमच्याकडं ऱ्हायली. ती पण पुसू?"

बुवांनी बाटली हातात घेतली. मग म्हणाले, "सकू, तो थांबा मी लावला नाय. तिथं माझा दम संपायचा. तीन वर्सं संपत होता. त्या सा ला मी घाबरायचो. वाटायचं वय झालं. कोणाला बोललो नाय, तुला पण नाय. लाज वाटायची." ते थांबले, पाण्याचा घोट घेतला. "ती माझी खूण नाय गो. ते माझं दुखणं हाय. तुमी सगळ्यांनी मिळून माझं दुखणं पाठ केलंत. तेवढं नको जपू."

सकुबाईला रडूच फुटलं. तीन वर्षं शेजारी बसून गायलो आणि आपल्याला कळलं नाही, याचं जास्त. तिने त्याच रागात त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "आधी बोलला असतात तर? आधी डॉक्टर गाठला असता, मेल्या माणसा!" एरवी नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई, पण त्या दिवशी तिला भान नव्हतं. बुवांनीही मनावर घेतलं नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी बुवांनी अभंग लिहून काढला, राघोबुवांनी शिकवला तसा. 'पाणी'चं घर आणि 'द्या'चं घर यांच्यावरून एक लांब कंस ओढला, म्हणजे इथे तोडू नका. समीक्षाने शहापुरात झेरॉक्स काढून आणल्या. आणि मग खरी कसरत. माहीत नसलेली ओळ बाया आता कागदावरून बिनदिक्कत म्हणत, पण माहीत असलेली वाचणं महाकठीण. 'पाणी' आलं की छाती आपोआप भरायची. धोंडूबाई स्वतःच्या तोंडावर चापट मारून घ्यायची. सकुबाई तर त्या ओळीला गप्पच बसायची. ना थांबून म्हणे, ना न थांबता. बुवांनी तिला काही म्हटलं नाही. एकदा मात्र त्यांनी पाहिलं की चुलीपुढे बसून ती कागद मांडीवर घेऊन पत्रिका सरकवते आहे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते दारातूनच मागे फिरले.

मार्गशीर्षात राघोबुवांच्या दिवशी मंडळ धसईला गेलं. सकाळची वेळ, देऊळ भरलेलं, पुढे राघोबुवांच्या वेळची म्हातारी माणसं. त्यांना ती चाल कानाने ठाऊक होती, त्यामुळे फसवाफसवी चालणार नव्हती. बाया हातात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या बघून मागे कुणीतरी हसलं. महिपतने बुवांना पेटी दिली आणि कानाशी येऊन विचारलं, "दादा, नक्की ना?"

बुवांनी मान हलवली. नक्की काहीच नव्हतं. ओळ मोडली तर राघोबुवांची चाल त्यांच्याच देवळात, त्यांच्याच माणसांसमोर संपणार होती, आणि संपवणारे आपण. त्यांनी नुसता सा आणि प धरला. ठरलंच होतं, चाल वाजवायची नाही.

बाया सुरू झाल्या. कुणीही बुवांकडे बघत नव्हतं. डोळे कागदावर, पत्रिकेचे तुकडे सरकताहेत. 'देव पाहुणा दारात.' धोंडूबाईचा आवाज थोडा खाली राहिला, पण ती पुढचं लावत गेली. बुवांचे ओठ आपोआप हलत होते. 'पाणी' आलं. आवाज चढू लागले, आणि सगळ्यांच्या वर सकुबाईचा आवाज होता. ती गप्प बसली नव्हती.

बुवांची छाती भरली. पट्टीवरची बोटं उचलली गेली. पेटी बंद पडली.

आणि 'द्या गो कुणी' वरच्या सा वर चढून गेलं, न तुटता, पेटीशिवाय. बुवांना कळायच्या आत बाया पुढच्या ओळीत होत्या. मंडळातला एकटा बुवा मागे राहिला होता. त्यांनी घाईने पट्टीवर बोटं टेकवली तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. म्हाताऱ्यांपैकी एकाने मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हटलं, "अरे, राघोबुवा!" मागचं हसू केव्हाच थांबलं होतं.

पुढच्या दोन्ही कडव्यांत बुवांनी बोटं पट्टीवर अशी दाबून धरली की नखं पांढरी पडली.

प्रसाद झाला, महिपतने पुढच्या वर्षीचं आमंत्रण आताच देऊन टाकलं. बाया मुरबाडच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसल्या, एकमेकींच्या चुका काढत, खिदळत. सकुबाई येऊन बुवांच्या शेजारी बसली.

"आज मंडळात एकच माणूस चुकलं," ती म्हणाली.

"कळलं तुला?"

"कळंल नाय तर काय? पेटी थांबली तवाच. वाटलं थांबावं, तुमी मागं ऱ्हायलात." तिने नाक पुसलं. "पण थांबले नाय."

"थांबायचं नव्हतंच गो," बुवा म्हणाले. एवढं बोलूनही घसा सुकला आणि ते खोकू लागले.

सकुबाईने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. बुवा घटाघटा पिऊ लागले.

"अवो, थांबत थांबत प्या," ती म्हणाली. "ठसका लागंल."